४५ अंशांत कापूनही स्कर्टिंगचे कोपरे का उघडतात: माप, काप आणि बसवणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: १२ बाय १० फुटांची बेडरूम, जुन्या फरशीवर ८ मिमी जाडीचं लॅमिनेट टाकून झालंय. आता ८० मिमी उंच आणि १५ मिमी जाड, भरीव पॉलिस्टायरिनची स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी, स्वतः बसवायची आहे. दोन पट्ट्या ४५ अंशांत कापल्या तरी आतला कोपरा पुढून उघडा राहिला. एक पट्टी माप नीट घेऊनही ३ मिमी आखूड पडली. आणि एका भिंतीला जुन्या टाइलची स्कर्टिंग आहे, तिचं काय करायचं?

आधी ३ मिमीचं पाहू, कारण ते सोपं आहे. भिंतीचं माप हे नेहमी पट्टीच्या पाठीचं माप असतं. पाठ म्हणजे भिंतीला चिकटणारी बाजू. आतल्या कोपऱ्यात तिरका काप घेतला की पाठीकडचं टोक लांब राहतं आणि दर्शनी बाजू १५ मिमीने आखूड होते. बाहेरच्या कोपऱ्यात उलट होतं: पाठ आखूड, दर्शनी बाजू १५ मिमीने लांब. म्हणून खूण नेहमी पाठीवर किंवा पाठीकडच्या वरच्या कडेवर करा, आणि काप कोणत्या दिशेला झुकणार आहे तो बाण त्याच जागी काढा. दर्शनी बाजूवर खूण करून मनात वजाबाकी करत बसलात, तर चार कोपऱ्यांत एकदा तरी चूक होणारच.

तुमच्या पट्टीत १५ मिमीची चूक नाही, ३ मिमीची आहे. ही बहुतेक वेळा पात्याच्या जाडीची असते. माइटर सॉचं, म्हणजे कोन लावून कापणाऱ्या यंत्र-करवतीचं, पातं २.२ ते ३ मिमी लाकूड खातं. रेघेवर नेमकं पातं ठेवलं तर तुकडा निम्म्या जाडीने आखूड येतो, आणि रेघेच्या चुकीच्या बाजूला ठेवलं तर पूर्ण जाडीने. टाकाऊ भागावर फुली मारा आणि पातं फुलीच्या बाजूला ठेवून रेघ जेमतेम शिल्लक राहील असं कापा.

दुसरी शक्यता टेपची. कोपऱ्यात टेप वाकवून, वळलेल्या जागी आकडा अंदाजाने वाचला की २ ते ४ मिमी सहज इकडेतिकडे होतात. त्यापेक्षा एका कोपऱ्यापासून बरोबर १००० मिमीवर जमिनीलगत भिंतीवर पेन्सिलीची खूण करा, दुसऱ्या कोपऱ्यापासून त्या खुणेपर्यंत मोजा आणि दोन्ही आकडे मिळवा. दोन्ही वेळा टेपच्या टोकाचा हूक कोपऱ्यात भिडतो आणि वाचायचा आकडा मोकळ्या जागी येतो. टेपच्या टोकाचा हूक थोडा हलतो तो मोडलेला आहे म्हणून नाही. त्याच्या स्वतःच्या जाडीइतका तो सरकतो, म्हणजे आतून दाबून मोजलं किंवा बाहेरून अडकवून मोजलं तरी माप एकच येतं. ठोकून घट्ट करू नका. एकाच कामात दोन टेप वापरू नका. आणि सुतार फूट-सूतात बोलत असला तरी इथे मिलिमीटरच धरा: १ सूत म्हणजे १/८ इंच, जवळपास ३.२ मिमी, आणि स्कर्टिंगच्या कोपऱ्यात अर्धं सूतही लांबून दिसतं.

माप कोणत्या उंचीवर घ्यायचं, हेही महत्त्वाचं आहे. गिलावा खाली कोपऱ्यात जाड झालेला असतो, पुट्टीचा गोळा साचलेला असतो. कमरेच्या उंचीवर ३०५० भरणारी भिंत जमिनीलगत ३०४५ भरू शकते. मापाआधी कोपऱ्याचा खालचा १० सेंटिमीटर भाग पटाशीने खरवडून साफ करा आणि पट्टी बसेल त्याच उंचीवर मोजा.

आता खरा मुद्दा, कोपरा. ४५ चा काप फक्त ९० अंशांच्या कोपऱ्यात बंद होतो, आणि गिलाव्याच्या भिंतीत नेमका ९० क्वचितच मिळतो. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६०० मिमी आणि दुसरीवर ८०० मिमी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर १००० मिमी आलं तर कोपरा काटकोनी आहे. १०१० आलं तर तो सुमारे ९१.२ अंशांचा आहे, ९९० आलं तर सुमारे ८८.८ अंशांचा. १० मिमीच्या फरकाला १.२ अंश एवढं लक्षात ठेवा.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. माइटर सॉवरचा आकडा सरळ कापापासून मोजलेला असतो. म्हणून लावायचा आकडा म्हणजे ९० वजा कोपऱ्याचा अर्धा. ९२ अंशांच्या कोपऱ्याला ४६ नव्हे, ४४ लावायचे. ८८ अंशांच्या कोपऱ्याला ४६. हॉलच्या पुढे काढलेल्या बहुकोनी खिडकीत १३५ अंशांचा कोपरा असतो, त्याला २२.५. आतला कोपरा असेल तर खोलीच्या बाजूचा कोन मोजायचा, बाहेरचा असेल तर भिंतीच्या पोटातला. दोन्हीकडे हिशेब एकच.

तुमचा कोपरा पुढून उघडा राहिला, म्हणजे तो ९० पेक्षा मोठा आहे. आतला कोपरा ९२ चा आणि दोन्ही तुकडे ४५ चे असतील तर पाठी भिडतात आणि पुढे २ अंशांची पाचर उघडी राहते. १५ मिमी जाडीच्या पट्टीत कापाचा तिरका चेहरा २१ मिमीचा होतो, म्हणजे पुढची फट साधारण ०.७ मिमी. आकडा लहान वाटतो, पण पांढऱ्या पट्टीवर ती काळी रेघ दारातूनही दिसते. तोच कोपरा ८८ चा असता तर पुढची कडा भिडली असती आणि फट मागे लपली असती. बाहेरच्या कोपऱ्यात हे सगळं उलटतं: तिथे भिंतीचा कोन ९० पेक्षा लहान असला की पुढून उघडतं. म्हणून नेमका कोन मिळत नसेल तेव्हा आतल्या कोपऱ्याला अर्धा अंश कमी, म्हणजे ४४.५, आणि बाहेरच्याला अर्धा अंश जास्त, म्हणजे ४५.५ लावा. दोन्हीकडे पुढची कडा आधी भिडेल.

पण त्याआधी सॉ तपासा. ४५ च्या खाचेत अडकवून दोन तुकडे कापा, टेबलावर जोडा आणि आत गुण्या लावा. यंत्राची अर्ध्या अंशाची चूक इथे दुप्पट होऊन एक अंश दिसते. भिंतीला दोष देण्याआधी ही दोन मिनिटं घालवाच. मग ३०० मिमीचे दोन टाकाऊ तुकडे कायमचे चाचणीसाठी ठेवा आणि प्रत्येक कोपऱ्यात आधी तेच लावून पाहा. ६००-८००ची मापं भिंतीचा एकूण कल सांगतात. कोपऱ्यातल्या शेवटच्या १०-१५ सेंटिमीटरमध्ये गिलावा कसा वळलाय, ते मात्र हे तुकडेच सांगतात.

आतल्या कोपऱ्यासाठी माझं स्पष्ट मत असं की पट्टी भरीव असेल तर दोन तिरके काप जोडायचेच नाहीत. कोपिंग करा. म्हणजे पहिली पट्टी सरळ कापून कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि दुसरीचं टोक पहिलीच्या नक्षीच्या आकारात कोरून तिच्या अंगावर बसवायचं. पहिल्या पट्टीचं माप इतकं सैल चालतं की प्रत्येक टोकाला २ मिमी कमी ठेवलं तरी काही बिघडत नाही, दुसरीची १५ मिमी जाडी ते झाकते. कोपरा ८८ चा असो की ९२ चा, कोरलेली कडा भिडतेच. पुढे पट्टी एखादा मिलिमीटर सरकली तरी सांधा भगदाडासारखा उघडत नाही, बारीक सावलीइतकाच दिसतो.

दुसरी पट्टी अशी करायची: भिंतीपासून भिंतीपर्यंतचं पूर्ण माप घ्या, पहिल्या पट्टीची जाडी वजा करू नका. तेवढ्या मापावर आतल्या कोपऱ्याचा ४५ चा काप घ्या, पाठीकडचं टोक लांब. कापाचा तिरका चेहरा आणि दर्शनी बाजू जिथे मिळतात, तिथे नक्षीची कडा आपोआप उमटलेली असते. तिच्यावरून पेन्सिल घासून ठळक करा. मग बारीक पात्याच्या कोपिंग सॉने त्या रेघेवरून कापा, पातं ५ ते १० अंश पाठीकडे झुकवून, म्हणजे मागचा माल पुढच्यापेक्षा जास्त निघेल. खालचा सपाट भाग साध्या करवतीने आणि वरची गोलाई कोपिंग सॉने काढली तर हात सुटसुटीत चालतो. गोल कानस आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवून १५० मिमीच्या तुकड्यावर लावून पाहा. दिवा मागे धरला तर नेमकं कुठे टेकतंय ते दिसतं. तेवढंच घासा. पाठीकडे पुरेसा माल काढला नसेल तर पुढची कडा भिडतच नाही. नवीन हाताची दहापैकी ९ वेळा अडचण हीच असते.

पोकळ पीव्हीसी पट्टीत हे जमत नाही, कोरलं की आतली पोकळी दिसते. तिथे माइटर, म्हणजे दोन तिरके काप जोडणं, किंवा कंपनीचे तयार कोपरे. अगदी सपाट, नक्षी नसलेल्या पट्टीला कोरण्यासारखं काही नसतं, तिथे सरळ काप भिडवूनही चालतं.

दोन मीटरपेक्षा लांब पट्टीला १ मिमी माप जास्त ठेवा. मध्ये किंचित बाक देऊन दोन्ही टोकं आधी भिडवा, मग मधला भाग दाबा. सांधे ताणाने घट्ट बसतात. मीटरभराच्या आतल्या तुकड्याला हे करू नका, तो वाकत नाही, उलट समोरची पट्टी भिंतीवरून सुटते.

बाहेरचे कोपरे आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये भरपूर असतात, कारण आरसीसी कॉलम खोलीत चार-सहा इंच पुढे आलेला असतो. इथे टेप बाजूला ठेवा. पट्टी जागेवर धरा, दुसरं टोक आपल्या सांध्यात बसवा आणि कॉलमच्या कोपऱ्यावर पाठीच्या बाजूने पेन्सिलीने खूण करा. ती खूण म्हणजे कापाचं आखूड टोक. पहिल्या तुकड्यात १ मिमी जास्तच ठेवा, कमी करता येतं, वाढवता येत नाही. कॉलमच्या खांद्याचा १०० मिमीचा तुकडा वेगळा भिंतीवर चिकटवत बसू नका. तो लांब पट्टीच्या टोकालाच कापा, कारण सुटा आखूड तुकडा सॉवर धरताना बोटं पात्याच्या १५ सेंटिमीटरच्या आत येतात. मग लांब तुकड्याला टेबलावरच चिकटवून अख्खा कोपरा एकत्र बसवा. पॉलिस्टायरिनला चिकटवणारा डिंक आधी टाकाऊ तुकड्यावर लावून पाहा, काही सॉल्व्हंटवाले डिंक त्याला वितळवतात. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) किंवा लाकूड असेल तर फेव्हिकॉल आणि दोन बिनडोक्याचे खिळे, एक इकडून एक तिकडून.

बाहेरचा कोपरा खाली बंद आणि वर उघडा, किंवा उलट, राहत असेल तर कोन बरोबर आहे, भिंत ओळंब्यात नाही. पट्टीला गुण्या लावून पाहा, ती मागे झुकलेली दिसेल. मागे पातळ चिपा लावून ती उभी करा, मग कापा. कोन बदलत बसलात तर तीन तुकडे वाया जातील.

कापताना कड उडते ती पात्याचे दात कुठून बाहेर पडतात त्यावर. साधी करवत पुढे ढकलताना कापते, म्हणून दर्शनी बाजू वर. जिगसॉ आणि फरशी कापायचा चार इंची कटर खालून वर कापतात, म्हणून दर्शनी बाजू खाली. माइटर सॉवर पट्टी भिंतीवर उभी राहील तशीच मागच्या कठड्याला पाठ टेकवून उभी करा, दर्शनी बाजू तुमच्याकडे. १० इंची सॉला ६० ते ८० दातांचं पातं हवं, २४ दातांचं जाड कामाचं पातं पॉलिस्टायरिन आणि एमडीएफ दोन्ही फाडतं. चार इंची कटरने हातावर धरून ४५ कापायला मात्र जाऊ नका. त्याने सरळ रेषा येत नाही आणि उसळी हातावर येते. दोनच खोल्या असतील तर साधा माइटर बॉक्स (करवतीला कोनाच्या खाचा असलेली पेटी) आणि बारीक दातांची करवत पुरे.

माल किती? तुमच्या खोलीचा हिशेब मांडतो. ३६५० ची खिडकीची भिंत, ३०५० ची पलंगाची, कपाटाच्या भिंतीवर २१०० गेल्यावर १५५० उरतात, आणि दाराच्या भिंतीवर चौकटीसह ९०० गेल्यावर १५० व २०००. एकूण १०,४०० मिमी. बाजारातली पट्टी साधारण २४०० ची. भागाकार ४.३३ येतो, पण तुकडे मांडून पाहिल्याशिवाय खरेदी करू नका. खिडकीची भिंत २३९० आणि १२८०, पलंगाची २३९० आणि ६८०, प्रत्येकी तिरक्या सांध्याचे १५ मिमी धरून. १२८०, ६८० आणि १५० एका पट्टीत निघतात. १५५० ला एक, २००० ला एक. झाल्या ५, चाचणी आणि चुकीसाठी १, अशा ६ घ्या, एकाच खोक्यातल्या. वेगळ्या खोक्यातली पट्टी उंचीत अर्धा मिलिमीटर वेगळी निघाली तर सांध्यावर पायरी दिसते.

सरळ भिंतीवरचा जोड कधीही सरळ काप भिडवून करू नका. दोन्ही टोकांना ४५ चा काप घेऊन एक दुसऱ्यावर चढवा, आणि दारातून आत येणाऱ्याकडची पट्टी वर ठेवा, म्हणजे नजर सांध्यात शिरत नाही. पलंगाच्या भिंतीवरचा जोड पलंगामागे न्या. याच कारणाने बसवण्याचा क्रमही दारासमोरच्या भिंतीपासून धरा: ती पट्टी दोन्ही टोकांना सरळ, बाजूच्या भिंतींच्या पट्ट्या तिच्यावर कोरलेल्या.

दाराच्या चौकटीला पट्टी सरळ कापून भिडवायची. चौकट भिंतीतून १५ मिमीपेक्षा कमी पुढे असेल तर पट्टीचं कापलेलं टोक उघडं दिसतं. तिथे टोकाला बाहेरच्या कोपऱ्यासारखा ४५ चा काप घ्या आणि छोटा त्रिकोणी तुकडा चिकटवून नक्षी भिंतीत वळवा. हा त्रिकोण लांब पट्टीतूनच कापा. पातं पूर्ण थांबेपर्यंत सॉ वर उचलू नका, नाहीतर तुकडा उडून जातो.

पट्टी भिंतीला लावायची, जमिनीला कधीच नाही. लॅमिनेटभोवती ८ ते १० मिमी मोकळी जागा ठेवलेली असते, कारण पावसाळ्यात ते फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. खिळा किंवा गोंद लॅमिनेटमध्ये गेला की जमीन तिथे अडकते आणि दुसरीकडे उचलली जाते. पट्ट्या कापण्याआधी ही जागा दर मीटरला मोजा. कुठे १४ मिमी निघाली तर १५ मिमीची पट्टी ती जेमतेम झाकेल, तेव्हा आत्ताच कळलेलं बरं. भिंतीवर डिस्टेंपर असेल तर गोंद डिस्टेंपरला चिकटतो, भिंतीला नाही, आणि वर्षभरात पट्टी पापुद्र्यासकट सुटते. पट्टीमागचा पट्टा पुट्टीपर्यंत खरवडून, धूळ पुसून मग लावा. एमडीएफ किंवा लाकडी पट्टी स्क्रूने लावणार असाल तर दर ४००-४५० मिमीला ६ मिमीचं भोक आणि प्लास्टिकची गिट्टी. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत खाली आणि बाथरूमच्या सामाईक भिंतीवर भोक पाडू नका, तिथे वायर आणि पाण्याचे पाइप असतात.

आता जुन्या टाइलची स्कर्टिंग. ती उखडली तर बहुधा गिलाव्याचा पट्टाही येतो आणि पुन्हा गिलावा, वाळण्याची वाट, रंग असं काम वाढतं. टाइल घट्ट असेल तर ती राहू द्या. तिच्यासमोर १८ किंवा २० मिमीची पावगोल पट्टी (जिचा छेद पाव वर्तुळाचा असतो) लावा, म्हणजे १० मिमीची मोकळी जागा झाकून वर थोडी राहते. टाइलचा चेहरा आधी स्पिरिटने पुसा, पुसण्याच्या पाण्याचा आणि साबणाचा थर असतो. गोंद फक्त टाइलकडच्या उभ्या बाजूला. पावगोल पट्टीला दोन पाठी असतात, म्हणून सॉवर ती भिंतीवर बसेल तशीच ठेवा: एक सपाट बाजू टेबलावर, एक कठड्याला. एका खोलीत तीन भिंती ८० मिमीच्या आणि चौथी टाइलची ठेवली तर डोळ्याला खटकेल. मग सगळीकडे टाइलचीच स्कर्टिंग करून पावगोल लावणं, किंवा टाइलवरून बसणारी मागून पोकळ पट्टी चारही बाजूंना घेणं बरं.

शेवटी फटी. वरच्या कडेला भिंतीच्या लाटेमुळे ३ मिमीपर्यंत फट राहिली तर अ‍ॅक्रिलिक सीलंट भरा, ओल्या बोटाने पुसा, वाळल्यावर रंग द्या. साधं सिलिकॉन तिथे नको, त्यावर रंग धरत नाही. फट त्याहून मोठी असेल तर भिंतीवरचा उंचवटा खरवडा. पट्टीच्या खालच्या कडेला आणि लॅमिनेटच्या मध्ये मात्र काहीही भरू नका, जमीन तिथूनच सरकायची असते. पट्टी एमडीएफची असेल तर तिची खालची कड आणि प्रत्येक कापलेलं टोक बसवण्याआधी प्रायमरने दोन हात बंद करा, कारण रोजच्या फरशी पुसण्याचं पाणी तिथूनच शोषलं जातं आणि पहिल्या पावसाळ्यातच कड फुगते.